डार्टमूरचे दगडी क्रूस शोधायला ओएल२८ नकाशा: घ्यावा का?

इंग्लंडच्या डेव्हनमधल्या डार्टमूर माळावर मध्ययुगीन ग्रॅनाइटचे क्रूस अजून उभे आहेत, काही मठांच्या वाटेवर, काही हद्दीवर. ते शोधायचे तर ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर ओएल२८ घ्यावा, तोही कागदी. प्रमाण १:२५,०००, म्हणजे ४ सेंटीमीटरला १ किलोमीटर. १:५०,००० च्या नकाशात शेतांच्या दगडी भिंती गळतात, आणि धुक्यात त्याच तर वाट दाखवतात.

पुराणवस्तूंची नावं गॉथिक, म्हणजे जुन्या पोथ्यांसारख्या टोकदार वळणाच्या अक्षरांत छापलेली आहेत. नजर त्यावरच ठेवायची. मात्र कांस्ययुगातल्या दगडांच्या रांगेलाही तेच वळण. क्रूस कोणत्या शतकातला, अखंड आहे की नुसता बुंधा उरलाय, हे नकाशावरून कळत नाही. ही मोठी उणीव. त्याची माहिती आधीच वाचून जावं.

सुरुवात नन्स क्रॉसपासून करावी (नकाशाच्या चौकटीतला संदर्भ एसएक्स ६०४ ६९९). प्रिन्सटाउन गावाहून साउथ हेसरी टॉर या खडकाळ टेकडीवरून दक्षिणेला सरळ वाट जाते, सुमारे ४ किलोमीटर. १२४० च्या सीमापाहणीत हा 'सिवर्ड्स क्रॉस' म्हणून नोंदलाय. उंची दोन मीटरहून जास्त. मोडलेला खांब १८४८ मध्ये लोखंडी पट्ट्यांनी सांधला. पश्चिम अंगावरची झिजलेली अक्षरं पाहायची तर दुपारी पाहावी: सूर्य दक्षिणेला असताना ऊन दगडावरून घासून जातं आणि खाचांत सावली धरते. संध्याकाळी ऊन थेट समोरून येतं, मग काहीच वाचता येत नाही.

सहा अंकी संदर्भ म्हणजे १०० मीटरचा चौकोन. बेनेट्स क्रॉसला (६८० ८१६) तेवढं पुरतं, तो बी३२१२ रस्त्यालगतच आहे. उंच गवतात दडलेल्या बुटक्या क्रुसाला मात्र आठ अंकी, १० मीटरचा संदर्भ हवा. अंक वाचताना पहिले अर्धे उजवीकडे मोजायचे, उरलेले वर. उलट वाचलं की माणूस भलत्याच टेकडीवर पोचतो.

नकाशा दोन्ही बाजूंनी छापलेला आहे. वाऱ्यात तो उलटणं म्हणजे कसरत, म्हणून लागणारा भाग घरीच वर काढून घडी घालावी. घडीवर शाई लवकर उडते. प्लॅस्टिकचा थर दिलेली आवृत्ती पावसात टिकते, पण जड आणि ताठ असते.

उत्तरेकडे लष्कराचे गोळीबार क्षेत्र लाल त्रिकोणांनी आखलंय. वेळा नकाशात नाहीत. निघण्याआधी वेळापत्रक पाहावं. लाल निशाण दिसलं की आत पाऊल टाकायचं नाही.

नन्स क्रॉसहून पूर्वेला चाइल्ड्स टूम या जुन्या थडग्याकडे जाताना फॉक्स टॉर मायर्सची दलदल डाव्या हाताला ठेवून दक्षिणेच्या चढाने चालावं. जवळची वाट म्हणून सपाटीत उतरू नये.