मातीचं छोटं धरण: पहिल्यांदा भरल्यापासून आजवरचा अनुभव

स्वतःच्या जमिनीतल्या ओढ्यावरचं हे धरण वापरून आता बरेच महिने झाले. उंची साधारण 4 मीटर, माथा 3 मीटर रुंद, पाण्याकडचा उतार 1:3 (1 उभा, 3 आडवा), मागचा 1:2.5. पाणी धरण्यात ते कुठेच कमी पडलं नाही. पण माझं लक्ष साठ्यापेक्षा पाझराकडे जास्त असतं.

धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं तेव्हा मागच्या पायथ्याशी ओल आली. मातीचं धरण थोडंफार पाझरतंच. बघायचं ते हे, की पाणी नितळ आहे की गढूळ. साठ्याबरोबर कमी-जास्त होणारा नितळ पाझर चालतो. गढूळ पाणी आलं, किंवा पातळी तीच असताना पाझर वाढला, तर भरावातली माती आतून वाहून जात असते. ती पोकळी मागून पुढे पाण्याकडे सरकते आणि साठ्याला भिडली की धरण काही तासांत फुटू शकतं. म्हणून पायथ्याच्या चरातलं पाणी मी काचेच्या बाटलीत भरून ठेवतो आणि तळाला गाळ बसतो का ते पाहतो. अजून बसलेला नाही. चिकणमातीचा गाभा, कठीण थरापर्यंत नेलेला पायाचा खंदक आणि ओलावा बघून 15-20 सेंटीमीटरच्या थरांत रोलरने दाबलेला भराव, ही त्याची कारणं. पाण्याचा पाइप भरावातून जातो ती जागा मात्र नाजूकच. पाइपच्या बुडाशी माती नीट दाबली जात नाही. तिथे भोवती वाळूचा गाळणथर, म्हणजे पाणी जाऊ देणारा पण माती अडवणारा थर, घालून घ्याच.

खर्चात हात आखडायचा असेल तर उंचीत आखडा, सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेत, नको. मातीच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं की भराव झपाट्याने कापला जातो. आमचा सांडवा भरावावर नाही, बाजूच्या मूळ जमिनीत खोदलेला आहे, आणि त्याच्या तोंडाशी जाळी लावायला मी ठाम नकार दिला, कारण कचरा अडकून ती तुंबते. अमेरिकेतलं साउथ फोर्क धरणही खासगी, एका क्लबच्या मालकीचं, मातीचंच. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या होत्या, माथा खाली आणलेला होता, पाणी सोडायचे तळाचे पाइप आधीच काढून टाकलेले होते. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत ते फुटलं आणि जॉन्सटाउन भागात 2,200 हून अधिक माणसं गेली.

भरावावर फक्त गवत ठेवलं आहे. झुडूप दिसलं की कोवळं असतानाच उपटतो, कारण मोठ्या झाडाची मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते. घुशींची बिळंही तशीच.

उन्हाळ्यात माथ्यावर भेगा पडल्या. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या भेगांवर लक्ष ठेवलं. पाण्याकडून मागच्या उताराकडे जाणारी एक होती, ती लगेच खणून, चिकणमाती दाबून भरून घेतली. साठा पंपाने भराभर उपसत नाही. पाणी झटकन उतरलं तर पाण्याकडचा ओला, जड उतार आधार सुटल्याने घसरतो.

खाली वस्ती असेल तर अभियंत्याकडून पुराचा हिशेब करून घ्या आणि धोका दिसल्यास आधी कोणाला कळवायचं ते ठरवा. हे सगळं पहिल्यांदा धरण भरण्याआधी.