वेब एपीआयचे दर : मासिक प्लॅन की वापराप्रमाणे बिल?

आपला एपीआय (दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमना इंटरनेटवरून आपली सेवा वापरू देणारा दुवा) विकायला काढणाऱ्यासमोर मुख्यतः दोन पर्याय असतात : ठरावीक रकमेत ठरावीक कोटा देणारा मासिक प्लॅन, किंवा जितक्या रिक्वेस्ट (एपीआयकडे केलेल्या मागण्या) तितके बिल. अचानक वाढलेल्या वापराचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे या निवडीवरून ठरते.

मासिक प्लॅनमध्ये खर्च आधीच ठाऊक असल्याने ग्राहकाला वरिष्ठांकडून मंजुरी मिळवणे सोपे जाते. मात्र कोटा वीस तारखेलाच संपला, तर उरलेले दिवस त्याची सेवा अडून राहते, नाहीतर गरज नसताना वरचा प्लॅन घ्यावा लागतो. वापराप्रमाणे बिल असेल तर लहान ग्राहक बिनधास्त सुरुवात करतो, पण कोडमधला एखादा चुकीचा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) रात्रभर फिरत राहिला तरी त्याचे पैसे त्यालाच भरावे लागतात. शिवाय किरकोळ दिसणारा दर मोठ्या वापरावर किरकोळ राहत नाही. रेडिट या चर्चा-संकेतस्थळाने २०२३ मध्ये हजार रिक्वेस्टना ०.२४ डॉलर असा दर जाहीर केला, तेव्हा महिन्याला सुमारे ७ अब्ज रिक्वेस्ट करणाऱ्या अपोलो या रेडिट वाचण्याच्या ॲपचा वर्षाचा हिशेब २ कोटी डॉलरच्या घरात गेला आणि ३० जून २०२३ रोजी ते बंद झाले.

माझे मत विचाराल, तर व्यावसायिक ग्राहकांसाठी मिश्र पद्धत बरी : मूळ कोटा प्लॅनमध्ये द्यावा, त्यावरील वापराला जादा दर लावावा आणि या जादा खर्चाची कमाल रक्कम ग्राहकाला स्वतः ठरवू द्यावी.

दरांइतकेच लक्ष कोटा आणि वेगमर्यादा यांच्या मेळाकडे द्यावे लागते, आणि नेमकी इथेच गफलत होते. महिन्याला १ लाख रिक्वेस्ट आणि सेकंदाला १० असा प्लॅन पूर्ण वेगाने वापरल्यास अख्ख्या महिन्याचा कोटा सुमारे पावणेतीन तासांत संपतो. उलट वेगमर्यादा मिनिटाला २ ठेवली, तर ३० दिवस अखंड वापर करूनही ८६,४०० च रिक्वेस्ट होतात. म्हणजे उरलेल्या १३,६०० चे पैसे ग्राहक भरतो, पण त्या त्याला कधीच वापरता येत नाहीत.

वेग मोजण्याच्याही दोन रीती आहेत. कोड साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाचा रेस्ट एपीआय (वेब एपीआयचा एक प्रचलित प्रकार) लॉगिन केलेल्या सामान्य वापरकर्त्याला तासाला ५,००० आणि लॉगिन न केलेल्याला ६० रिक्वेस्ट देतो; हे समजायला सोपे असले, तरी तासाच्या अशा ठोक मर्यादेत सगळ्या रिक्वेस्ट एकदम येण्याचा धोका असतो. ऑनलाइन दुकानांसाठीच्या शॉपिफायने रेस्ट एपीआयच्या साध्या प्लॅनसाठी ४० रिक्वेस्टची बादली आणि सेकंदाला २ चा निचरा ठेवला (प्रत्येक रिक्वेस्टने बादली भरते, ती भरली की निचरा होईपर्यंत थांबायचे), त्यामुळे थोडी घाई चालून जाते, पण सततचा मारा थोपवला जातो. अनियमित वापराच्या ग्राहकांसाठी मी दुसरी रीत निवडेन. रीत कोणतीही असो, मर्यादा ओलांडल्यावर ‘फार रिक्वेस्ट झाल्या’ हे कळवणारा ४२९ हा कोड आणि किती वेळाने परत यावे हे सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर (उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) पाठवावा.

प्लॅनचे आकडे कोडमध्ये विखुरण्यापेक्षा एका स्वतंत्र फाइलमध्ये किंवा गेटवेच्या (सगळ्या रिक्वेस्ट ज्यातून पुढे जातात त्या मधल्या सेवेच्या) सेटिंगमध्ये ठेवावेत, म्हणजे वर दाखवलेली विसंगती विक्रीआधीच तपासता येते. गेटवेवर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नये : ॲमेझॉनच्या एपीआय गेटवेमधील वापर-प्लॅनच्या मर्यादा काटेकोर नसतात आणि त्या ओलांडल्या जाऊ शकतात, असे त्यांचेच दस्तऐवज सांगतात. त्यामुळे बिलासाठीची मोजणी आपल्या स्वतःच्या नोंदींवरूनच करावी.