शेंगदाणा तेलाच्या डब्यावरची मारुती

जुनी मारुती ८०० स्वस्तात घेऊन घरच्या घरी उभी करायची, असं ज्यांच्या डोक्यात घोळतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी ४२ हजारांना घेतली, वर ७१ हजार घातले, सहा महिन्यांचे रविवार घातले. आज ती दारात चकचकीत उभी आहे आणि एका किल्लीत सुरू होते. पण रस्त्यावर आणता येत नाही, आणि माझी आहे असंही म्हणता येत नाही.

मी कोल्हापूरचा. नोकरी हिशेब तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या व्हाउचरवरच्या सह्या बघायच्या आणि खोटी वाटली की लाल पेनानं गोल करायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं हसताना तुम्हाला अवघडायला नको.

२०२३ च्या दिवाळीत जाहिरात दिसली. पांढरी, २००४ चं मॉडेल, 'एक हाती, घरगुती वापर'. नंबर एमएच-०८ चा, म्हणजे रत्नागिरी. मेव्हणा लगेच म्हणाला, "दाजी, समुद्राकाठची गाडी नको. खारं वारं पत्रा खातं." विकणाऱ्याला तसं विचारलं तर तो म्हणाला, "नंबर तिकडचा आहे सर, पण गाडी बारा वर्षं इकडंच, शेडमध्ये झाकून."

हायवेला लागून त्याची शेड होती. त्यानं चहा मागवला आणि विचारलं, "सर, एवढ्या गाड्या असताना एट हंड्रेडच का?" इथं मी माती खाल्ली. वडिलांनी ९२ साली घेतलेली पांढरी ८००, दर पौर्णिमेला नरसोबाची वाडी, मागं आम्ही तिघं भावंडं आणि मांडीवर डबे, उतरल्या उतरल्या वडिलांचं पिवळ्या फडक्यानं काच पुसणं, सगळं सांगत बसलो. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. आणि तिथून पुढं त्यानं गाडीची एका शब्दानं तारीफ केली नाही, तेही आता आठवतं. बोलला ते एवढंच, "तुम्ही घ्या, नका घेऊ, पण असली गाडी भंगारात द्यायला जीव होत नाही बघा." माझ्या वडिलांची गाडी त्यानं मलाच विकली, आणि माल मीच पुरवला होता.

मी काय काय बघितलं नाही ते सांगतो. बॉनेटला हात लावला तेव्हा ते गरम होतं. मी येणार म्हणून आधीच सुरू करून ठेवलेली असणार. गार इंजिन आपल्यासमोर सुरू करायचं असतं, पहिल्या मिनिटाचा धूर सगळं बोलतो. खालचा मॅट उचलला नाही. खिशात साधं लोहचुंबक नेलं असतं आणि दाराच्या तळाशी, चाकाच्या कमानीला लावून बघितलं असतं, तरी कळलं असतं. जिथं लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असते तिथं ते धरत नाही. कागद मात्र बघितले, हे विशेष. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला. आरसी चालू, पासिंग २०२४ पर्यंत, कुठलं कर्ज नाही, थर्ड पार्टी विमा चालू. फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज, सही करून तयार. "मालक वयस्कर आहेत, बेळगावला मुलाकडं असतात, सह्या घेऊन ठेवल्यात." ॲपवर मालकाचं नाव निम्मं फुल्या मारलेलं असतं. जे दिसत होतं ते फॉर्मवरच्या नावाशी जुळलं आणि मी खूश.

टोकन २ हजार मोबाइलवरून दिले, उरलेले ४० रोख. त्यानं एक डिलिव्हरी नोट पुढं केली. 'गाडी जशी आहे तशी पाहून ताब्यात घेतली, आज इतक्या वाजल्यापासून अपघात, दंड यांची जबाबदारी माझी.' खाली सही माझी. त्याची कुठंच नाही. लाल पेन खिशात होतं.

काम सुरू झालं आणि पहिल्याच रविवारी तो डबा निघाला.

ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट काढला. खाली डांबरी शीट, नवीकोरी, कडा व्यवस्थित दाबलेल्या. वीस वर्षांच्या गाडीत एवढं नवं डांबर कशाला, म्हणून खरवडलं, तर खाली पत्रा पॉप रिव्हेटनं ठोकलेला. ड्रिलनं रिव्हेट उडवले, पत्रा उलटा केला, तर मागच्या बाजूला छापलेलं: 'शुद्ध शेंगदाणा तेल, १५ किलो'. तेलाचा डबा कापून, सरळ करून, कडेनं एम-सील भरून फ्लोअर केला होता. त्याच्याखाली थेट माझ्या अंगणातली फरशी दिसत होती. क्लच दाबताना मी तेलाच्या डब्यावर पाय देऊन गाडी घरी आणली होती!

मग उजव्या बाजूची सिल ठोकून बघितली, तर भद्द आवाज. दारांखाली चाकापासून चाकापर्यंत जाते ती पोकळ पट्टी म्हणजे सिल. ८०० ला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी, त्यामुळं सिल सडली की गाडीचा कणाच गेला. लांबी फोडली तर आत वर्तमानपत्राचे बोळे. एक उलगडला. कोल्हापूर आवृत्ती, उसाच्या दराच्या आंदोलनाची बातमी, आणि कोपऱ्यात तारीख, ऑक्टोबर २०२३. बारा वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीत तीन आठवड्यांपूर्वीचं वर्तमानपत्र.

फोन केला. तो म्हणाला, "सर, जुनी गाडी आहे, एवढं तेवढं असणारच. तुम्हाला घरी बनवायचीच होती न्हवं?" याला उत्तर नव्हतं. म्हटलं, चला, बनवायचीच आहे. तिथंच थांबून गाडी परत त्याच्या दारात नेऊन लावली असती, तर नुकसान ४२ हजारांवर राहिलं असतं. पण एकदा पाना हातात घेतला की माणूस असा विचार करत नाही.

पुढचे तीन महिने, खरं सांगू का, मजेत गेले. बॅटरी सोडवून इंजिनचा कंट्रोलर काढून ठेवला, कारण वेल्डिंगच्या करंटनं तो जळतो. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, ती उतरवली. सडलेलं चांगल्या पत्र्यापर्यंत कापत गेलो, आणि प्रत्येक वेळी चांगला पत्रा दोन बोटं पुढं सरकत गेला. सीआरसी पत्र्याचे तुकडे कापून पुठ्ठ्याच्या मापानं वाकवले, वेल्डर घरी बोलावून जोडून घेतले, वर रेड ऑक्साइडचे दोन हात, खालून रबर कोट. बायको म्हणायची, घरात एक खिळा ठोकायचा तर तुम्हाला मुहूर्त लागतो.

इंजिननं तोवर रंग दाखवला होता. आतलं ऑइल मधासारखं घट्ट होतं. धूर आणि आवाज दाबायला भरतात तसं. ते काढून बरोबर ग्रेडचं घातलं आणि निळा धूर गल्लीभर. निळा म्हणजे ऑइल जळतंय. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, निम्म्यावर आलं होतं. इंजिनचा ब्लॉक बोअरिंगसाठी उद्यमनगरात, वर्कशॉपच्या वस्तीत, नेला. पार्टची अडचण आली नाही. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबलं, पण हेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत येत होतं, त्यामुळं पिस्टन, रिंगा, बेल्ट सगळं मिळतं आणि स्वस्त मिळतं. बोअरिंगवाल्यानं ब्लॉक बघितला, मायक्रोमीटर लावला, आणि पैशांआधी विचारलं, "कागद नावावर झालंय का?" म्हटलं, होतील. तो म्हणाला, "आधी ते करा, मग या. लोखंड कुठं पळून जात नाही." मी हसलो. या सगळ्या भानगडीत शहाणपणाचं बोलणारा तो एकटा, आणि त्याला मी आग्रह करून काम करायला लावलं.

नावावर का होत नव्हतं? ट्रान्सफरसाठी मालकाचा आधार आणि मोबाइलवर ओटीपी लागणार होता, आणि तो मिळत नव्हता. मालक कधी गावी गेलेले, कधी त्यांचा फोन बिघडलेला. फेब्रुवारीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी वर "काळजी घ्यायला सांगा" असा निरोपही दिला.

जानेवारीत टाकी उतरवायला मागची सीट उचलली होती, तेव्हा खाली प्लास्टिकच्या पिशवीत सर्व्हिसची पुस्तिका सापडली होती. विकणाऱ्यानं गाडी झाडून रिकामी केली होती, ही तेवढी राहिली. बारीक अक्षरात प्रत्येक खर्चाची नोंद. 'फॅन बेल्ट बदलला.' 'पुढचे दोन टायर, हातखंबा.' शेवटची नोंद डिसेंबर २०२०, किलोमीटर ९३,४००. माझ्या गाडीचं मीटर ५१ हजार दाखवत होतं. मीटर फिरवलंय एवढंच माझ्या डोक्यात शिरलं आणि मी पुस्तिका कपाटात टाकली. पहिल्या पानावर मालकाचा पत्ता होता आणि सही होती. एकेक अक्षर सुटं, शाळेच्या वहीतल्यासारखी मराठी सही. फॉर्म ३० वरची होती एका झटक्यात मारलेली, इंग्रजी, खाली दोन रेघा. दोन्ही कागद तीन महिने एकाच कपाटात होते. एप्रिलमध्ये एका रात्री ते शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मी काय केलं असेल? लाल पेन घेतलं आणि गोल केला. सवय.

रविवारी आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठली. कौलारू घर, पुढं शेवग्याचं झाड. आजी बाहेर आल्या. मी नाव सांगून विचारलं, आजोबा आहेत का?

"ते जाऊन तीन वर्षं होतील. दुसऱ्या लाटेत गेले. तुम्ही पोस्टातले का?"

मी पुस्तिका पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली, अक्षर बघितलं आणि मला ओटीवर बसायला सांगितलं. गाडी त्यांनी २०२२ साली भंगारवाल्याला दिली होती, ९ हजारांना. पावसात दारात सडत होती. तो म्हणाला, तोडून टाकतो, आरसी द्या म्हणजे आरटीओत जमा करतो. आजींनी विश्वासानं आरसी दिली. पावती नाही, दाखला नाही. ती तिथून घाट चढून कोल्हापूरला आली, तेलाच्या डब्यावर उभी राहिली आणि मेलेल्या माणसाच्या सहीनं विकली गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्याच माणसाचं झालं.

म्हणजे ॲपनं मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मालक गेलाय हे कुणी कळवलंच नसेल तर आरटीओच्या नोंदीत तो जिवंतच असतो. मालक वारला की वारसांनी ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते, आणि मगच विकायची. ते झालेलं नसताना त्याच्या नावानं पुढं केलेले २९ आणि ३० रद्दी. म्हणून मालकाला, आरसीवर नाव आहे त्याच माणसाला, समोर बघितल्याशिवाय आणि आधारवरचा फोटो त्याच्या तोंडाशी ताडल्याशिवाय पैसे काढू नका. सही तुमच्यासमोर होऊ द्या. पैसे त्याच्याच खात्यावर टाका, शेडवाल्याच्या हातात नाही, आणि मोठा भाग ओटीपी येईपर्यंत खिशात ठेवा. 'मालक बाहेरगावी' म्हटलं की त्या गावाला जा. बेळगाव लांब नाही, रत्नागिरीसुद्धा नाही.

आणि ज्यांच्या दारात गेलेल्या माणसाची गाडी उभी आहे त्यांनाही सांगतो, मोडीत द्यायची तर सरकारमान्य स्क्रॅप केंद्रातच द्या. तिथं 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं आणि त्याच्या आधारे नोंदणी रद्द करता येते. नाहीतर गाडी तुमच्या घराच्या नावानं फिरत राहते. उद्या तिनं कुणाला उडवलं तर भरपाईसाठी आरसीवरचा मालकच जबाबदार धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय. आजींना हे समजावताना माझाच घसा कोरडा पडला, कारण त्यांच्या नावानं ती फिरवणार होतो मी.

शेडवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "सर, मी पण फसलोय, मला भंगारवाल्यानं दिली." पोलिसांत अर्ज दिला. त्यांनी व्यवहाराचा पुरावा मागितला. माझ्याकडं माझ्याच सहीची डिलिव्हरी नोट आणि २ हजारांचं पेमेंट, तेही कुणा भलत्याच नावावर गेलेलं. खोटी सही आहे म्हणून अर्ज तरी ठेवून घेतला. पुस्तिकेतल्या पहिल्या पानाची प्रत जोडलीय. मूळ आजींकडं.

वारस आजी आणि दोन मुलगे, एक पुण्याला, एक मस्कतला. फॉर्म ३१ साठी सगळ्यांची संमती लागणार. पुण्याच्या मुलाशी चार वेळा बोललो. माणूस सज्जन आहे, पण त्याचं म्हणणं एकच, "आईच्या मागं कोर्टकचेरी नको. गाडी स्क्रॅप केंद्रात द्या आणि दाखला आम्हाला पाठवा. सह्या त्यासाठी लगेच करतो." त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. मधल्या काळात पासिंगही संपलं.

केंद्राकडं चौकशी केली. ते वजनावर घेतात, १७ हजार म्हणाले. नवा फ्लोअर, नवे पिस्टन, नवा रंग, सगळं धरून. मी म्हटलं, इंजिन आत्ताच केलंय. पलीकडचा माणूस म्हणाला, "हो का? मग चालवतच आणा. नको, टोइंगनं आणा, पासिंग नाही ना."