गणपती ते संक्रांत : दोन वजनकाट्यांचा अनुभव

दोन काटे आणले होते. एक अंगाचं वजन करायचा, काचेचा, मोबाइलशी जोडला जाणारा. दुसरा ओट्यावरचा, पाच किलोपर्यंत तोलणारा साधा डिजिटल. दोन्ही गणपतीच्या आधी घेतले आणि आता संक्रांत होऊन गेली, म्हणजे आमच्या इंदूरचा सगळा खाण्याचा हंगाम त्यांनी पाहिला. म्हणून सविस्तर लिहिते. आधीच सांगून टाकते : एकच घ्यायचा असेल, तर ओट्यावरचा घ्या.

वजन कमी करायला डॉक्टरांनी सांगितलं ते गुडघ्यांमुळे. आपल्या भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. माझा बीएमआय २८ च्या घरात आणि कंबर ९१. ज्याला ज्याला सांगितलं तो म्हणाला, "दिवाळी होऊ दे, मग सुरू कर." आता इंदूरच्या मराठी घरात दिवाळीनंतरचा काळ नेमका कधी येतो, ते मला कुणी तरी सांगा. इथे दोन पंचांगं चालतात. शेजाऱ्यांचा सावन पौर्णिमेनंतर लागतो, आपला श्रावण त्यानंतर पंधरवड्याने अमावास्येला. त्यामुळे शेजारून सोमवारचा फलाहार यायला लागतो तेव्हा आपल्याकडे आषाढ सरलेलाही नसतो. मग राखी, जन्माष्टमी, गणपती, गौरी, अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला निघालो की रस्त्यावरचं खाणं, पितृपक्षातली खीर-वडे, नवरात्राचे उपास, कोजागिरीचं आटीव दूध, दिवाळी. दिवाळीनंतर देवळांमधले अन्नकूट कितीतरी दिवस चालतात. तेवढ्यात थंडी पडते आणि सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूचा कंद तळायला लागतात. चंपाषष्ठी, लग्नं, नाताळचा केक, तिळगूळ. वाट बघत बसलं तर वर्ष निघून जातं.

म्हणून मी बेत बदलला. सणांच्या दिवसांत वजन उतरवायचं नाही, फक्त चढू द्यायचं नाही. आणि मधल्या मोकळ्या दिवसांत, म्हणजे गौरी विसर्जनानंतर, मार्गशीर्षातले गुरुवार सोडून उरलेल्या दिवसांत, जमेल तेवढं उतरवायचं. याला आधारही आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, २०००) दिसलं होतं की नाताळच्या हंगामात माणसाचं वजन सरासरी ०.३७ किलोच वाढतं. लोक समजतात त्याच्या मानानं ते फारच थोडं. पण ते पुढे उतरत नाही, वर्षानुवर्षं साचत जातं. नंतर २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्मिंगहॅमचा एक प्रयोग छापून आला. २७२ लोकांपैकी निम्म्यांना नाताळच्या दिवसांत आठवड्यातून किमान दोनदा, जमल्यास रोज, स्वतःचं वजन करून लिहून ठेवायला सांगितलं होतं. शिवाय थोड्या साध्या सूचना आणि सणाचा कुठला पदार्थ जिरवायला किती चालावं लागतं याचा तक्ता दिला होता. त्यांचं वजन किंचित उतरलं, इतरांचं चढलं. दोन गटांत जवळपास अर्ध्या किलोचा फरक पडला. डाएट प्लॅन नाही, जिम नाही. हे वाचून मी पहिला काटा मागवला.

तर आधी अंगाच्या काट्याबद्दल.

वापरायची एकच रीत आहे : सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच जागी, तशाच हलक्या कपड्यांत. जागा महत्त्वाची. आमच्या जुन्या घरात कोटा फरशी आहे आणि ती कुठेच सपाट नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात काटा ठेवला की दुसऱ्या कोपऱ्यापेक्षा पाऊण किलो कमी दाखवायचा. शेवटी एका फरशीवर खडूनं खुणा केल्या आणि काटा रोज त्याच खुणांवर ठेवते.

दुसरी गोष्ट, रोजचा आकडा मानायचाच नाही. सात दिवसांची सरासरी मानायची. ॲप ती काढून देतं, पण आत कुठेतरी लपवलेली आहे, शोधावी लागते. समोर दिसतो तो आजचा आकडा आणि लाल किंवा हिरवा बाण. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी माझा आकडा १.३ किलोने वर होता आणि बाण लालभडक. एक किलो चरबी चढायला साधारण ७७०० जादा कॅलरी लागतात. आदल्या दिवशी मी मनापासून फराळ केला होता, पण दहा हजार कॅलरी जादा खाणं माणसाला शक्य नाही. ते होतं पाणी. शरीर गोड-पिष्टाचा साठा करतं तेव्हा दर ग्रॅममागे तीनएक ग्रॅम पाणी धरतं, आणि चिवडा-शेवेतलं मीठ आणखी पाणी धरतं. भाऊबीजेनंतर साधी भाजी-भाकरी सुरू झाली आणि आठवड्याच्या आत ते सगळं उतरलं. ज्यांना हे माहीत नसतं ते असा एक आकडा बघून "आता गेलंच सगळं" म्हणतात आणि उरलेला हंगाम सोडून देतात. माझ्या दोन मैत्रिणींचं अगदी असंच झालं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांचं काहीच बिघडलेलं नव्हतं.

चरबीची टक्केवारी, "शरीराचं वय" वगैरे जे काही हा काटा दाखवतो त्यावर विसंबू नका. पायातून अगदी बारीक वीज सोडून तो अंदाज बांधतो, आणि अंगात पाणी कमी-जास्त असलं की अंदाजही हलतो. एकादशीच्या उपासानंतर माझी चरबी रात्रीत दोन टक्के वाढल्याचं त्यानं दाखवलं होतं. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी तर असल्या काट्यावर उभंच राहू नये. माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं, पण अगदी बारीक अक्षरांत. त्याऐवजी महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपनं कंबर मोजा. जास्त खरी गोष्ट कळते.

आणि एक अगदी कळकळीनं सांगते : घरात शाळा-कॉलेजच्या वयाची मुलगी असेल तर हा काटा हॉलमध्ये ठेवू नका. माझी लेक दहावीत आहे. तिला त्या बाणाची सवय लागू नये म्हणून काटा आमच्या खोलीत कपाटाखाली असतो आणि ॲप फक्त माझ्या मोबाइलवर. जेवणाच्या ताटावर माझ्या वजनाबद्दल बोलायचं नाही, हेही घरात ठरलंय.

आता ओट्यावरचा काटा. सगळे म्हणतात सणात गोडावर ताबा ठेवा, मीही तेच धरून चालले होते. या काट्यानं दाखवलं की आमच्या घरात खरी गळती तेलाची आहे. फोडणीची स्टीलची पळी सासूबाईंच्या सासूबाईंपासूनची आहे. ती काठोकाठ भरून तोलली तर २४ ग्रॅम तेल. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी, म्हणजे एका पळीत २०० च्या वर. साध्या दिवसाच्या भाजी, वरण, कोशिंबीर मिळून आमच्याकडे पाच पळ्या होत होत्या, माणसं चार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० कॅलरींच्या आहाराला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. आम्ही तळण न करताच तिथवर पोचत होतो, पोळीवरचं तूप वेगळं. पळी तीच ठेवली, फक्त अर्धी भरायला लागलो. चवीत फरक पडला असं कुणीही म्हटलं नाही.

मग दिवाळीत चकल्या. एक किलो भाजणी होती. तळणीआधी कढई तेलासकट तोलली, तळून झाल्यावर गार होऊ दिली आणि निथळलेलं तेल परत घालून पुन्हा तोलली. ३१० ग्रॅम तेल चकल्यांच्या पोटात गेलं होतं. सत्तरेक चकल्या झाल्या, म्हणजे एका चकलीत साडेचार ग्रॅमच्या आसपास. ४० कॅलरी नुसत्या तेलाच्या, भाजणीच्या पन्नासेक वेगळ्या. आई, म्हणजे सासूबाई, शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "मंद आचेवर ठेवल्यास ना, म्हणून प्यायल्या त्या तेल. मोहन जास्त झालं तरी पितात." दुसरी भाजणी त्यांनी स्वतः तळली. मोहन बेतानं, तेल नीट तापल्यावरच चकली सोडायची, आणि काढली की ताटलीत न टाकता जाळीवर उभी ठेवायची. तेवढ्याच भाजणीला २४० ग्रॅम. काटा बघून आईंना जो आनंद झाला तो मला अजून आठवतो. त्या दिवसापासून काटा त्यांचाही झाला. चिवडा यंदा पातळ पोहे भाजून केला, तळणीचा नाही. तेल निम्म्यानं वाचलं.

आधी मात्र त्यांचा विरोधच होता. "अगं, सवाष्णीच्या ताटात कुणी मोजून वाढतं का?" त्यांचं म्हणणं मला पटलं आणि आम्ही दोघींनी ठरवलं की पाहुण्याचं ताट, नैवेद्याचं ताट आणि सणाच्या दिवसाचं जेवण कधीही तोलायचं नाही. तोलायचं ते डब्यातलं, म्हणजे सण झाल्यावर उरलेलं, चहाबरोबर येता-जाता तोंडात टाकलं जाणारं. फराळाची एक वाटी एकदाच तोलून बघितली : एक बेसनलाडू, दोन चकल्या, थोडा चिवडा. तीच वाटी मग रोज संध्याकाळी, भाऊबीज ते तुळशीचं लग्न. डब्यातून सरळ खायचं बंद झालं, याचा परिणाम सगळ्यात मोठा.

इंदूरच्या लोकांना एक खास सांगते. आपले पोहे वाफेवर राहतात, त्यांत तेल तसं कमीच असतं. जड असते ती वरची शेव. मूठभर शेव तोलली तर ३० ग्रॅम, म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी, पोह्यांच्या जवळपास. आता चिमूटभर शेव, भरपूर जीरावन मसाला, कांदा आणि लिंबू. रविवारी पोह्यांबरोबर जलेबी घेतो, तीही आवडीनं, पण चौघांत पाव किलो आणायची पद्धत मोडून शंभर ग्रॅम.

उपासाचंही तोलून कळलं. कोरडा साबुदाणा १०० ग्रॅमला ३५० कॅलरी, जवळपास सगळं पिष्ट. त्यात दाण्याचं कूट आणि तूप. उपासाची खिचडी पोटभर खाल्ली तर ती साध्या जेवणापेक्षा भारी पडते. नवरात्रात मी राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी आणि भोपळ्याची भाजी यांवर राहिले. खिचडी एकदाच, अष्टमीला. आईंना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. त्यांच्या उपासाचं मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवलं, कारण गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम उतरू शकते. हे काट्यानं ठरवायचं काम नाही.

सराफ्यात काटा नेता येत नाही, न्यावाही नाही. तिथे आमचा नियम असा : सराफा दहानंतर रंगतो, तेव्हा घरी जेवून जायचं नाही. ज्या रात्री सराफा, त्या रात्री तेच जेवण. भुट्ट्याचं कीस एकेक, गराडू दोघांत एक, आणि शिकंजी चौघांत मिळून एकच, कारण ती रबडीच्याच वळणाची. राजवाड्यापासून पायी एक फेरी मारून मग गाडीकडे.

ओट्यावरच्या काट्याचे दोष. परात ठेवली की आकडे झाकले जातात. खाली उलटी वाटी ठेवून त्यावर परात ठेवावी लागते आणि मग ती डुगडुगते. दोन मिनिटांत आपोआप बंद होतो, लाडू वळता वळता मधेच हिशेब जातो. केशर, वेलदोडा असलं दोन-तीन ग्रॅमच्या खालचं त्याला धड कळत नाही. कडेच्या फटीत पीठ जातं, कोरड्या ब्रशनं काढावं लागतं. माझ्या काट्याचं बॅटरीचं झाकण महिन्याभरात तुटलं, विकणाऱ्यानं दाद दिली नाही, आता रबरबँड लावलाय. पण शून्य करायचं बटण मात्र सोन्यासारखं आहे : पातेलं ठेवा, बटण दाबा, तेल ओता, तेवढंच दिसतं. घेताना बटण मोठं आणि दाबल्यावर लागलीच शून्य होणारं आहे का, हे दुकानात दाबून बघा. चपटी काच असलेला घ्या, खोलगट भांड्याचा घेऊ नका.

हिशेब असा. गणपतीच्या आठवड्यात सरासरी ७१.८ होती. दिवाळीनंतर ७१.९. संक्रांतीच्या आठवड्यात ७०.२, आणि कंबर ९१ वरून ८८. मार्गशीर्षात रोज सकाळी नेहरू पार्कला चालायला जाणं सुरू केलं, त्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय काट्यांना देणार नाही. गुडघा जिना उतरताना कमी दुखतो, माझ्यासाठी तेच मोठं.

अंगाच्या काट्याला पाचपैकी तीन, कारण साधा, ॲप नसलेला स्वस्त काटा आणि भिंतीवरचं कालनिर्णय एवढ्यावर हेच काम होतं. ओट्यावरच्याला साडेचार. अर्धा त्या झाकणाचा कापला. होळीच्या पुरणपोळ्यांसाठी आईंनी डाळ आणि गूळ आत्ताच तोलून वेगळे डबे भरून ठेवलेत, यंदा गूळ पाऊणपट.