आधी शब्द, आधी चाल की आधी ठेका? पहिले गाणे लिहिणाऱ्यासाठी तुलना

गाणे लिहायचे ठरवून वही उघडली की पहिल्या अर्ध्या तासातच एक प्रश्न वाट अडवून उभा राहतो. शब्द आधी लिहावेत, चाल आधी गुणगुणावी, की मोबाइलवर एखादा ठेका लावून त्यावर जे सुचेल ते पकडावे? तिन्ही वाटांनी उत्तम गाणी झालेली आहेत, त्यामुळे परंपरेकडे कौल मागून फारसे हाती लागत नाही. हा आढावा ज्यांचे एकही गाणे अजून पूर्ण झालेले नाही त्यांच्यासाठी आहे. माझी स्वतःची बहुतेक गाणी मुलुंड ते सीएसएमटी या धीम्या लोकलच्या प्रवासात सुरू झाली आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक तिथेच बंदही पडली आहेत, हे आधी कबूल केलेले बरे. बंद का पडली, याचा शोध घेताना ही तुलना करावी लागली.

शब्द आधी, ही मराठी माणसाला सर्वांत परिचयाची वाट आहे. आपल्याकडे भावगीताची परंपरा मुख्यतः कवितेतून आली, म्हणजे कवी लिहून मोकळा होत असे आणि संगीतकार त्या शब्दांतच दडलेली चाल शोधत असे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या गीतरामायणात ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली वर्षभर दर आठवड्याला नवे गीत घेऊन येत होत्या आणि ती संख्या शेवटी ५६ वर गेली. प्रतिभेचा भाग बाजूला ठेवला तरी, आठवड्याचा वार ठरलेला असला की स्फूर्तीची वाट पाहायला सवड उरत नाही, एवढे त्यातून नवख्यालाही घेता येते.

या वाटेचा मोठा लाभ म्हणजे साधन काही लागत नाही. पेटी नको, गिटार नको, शेजाऱ्यांची झोपमोड नाही. धोका मात्र असा, की शब्द एकटेच फार पुढे निघून जातात. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी मी एकदा सहा कडवी लिहिली, ती दोन दिवस घासूनपुसून घेतली आणि पेटी वाजवणाऱ्या मित्राच्या हाती दिली. पहिल्या कडव्याला त्याने चाल लावली, दुसरे कसेबसे बसवले आणि तिसऱ्याला भाता सोडून म्हणाला, ‘वाचायला छान आहे रे, पण गाऊ कुठून?’ पहिल्या कडव्याच्या ओळी सोळा मात्रांच्या होत्या (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन), तिसऱ्यातल्या एकोणीस-वीसपर्यंत पसरल्या होत्या. माझ्या कानाला ते कळले नव्हते, कारण मी ते कडवे एकदाही मोठ्याने म्हटले नव्हते. शेवटी चार कडवी गळाली.

ज्यांना शब्दांपासूनच सुरुवात करायची आहे त्यांनी म्हणूनच मोकळ्या कागदाऐवजी एखादा तयार साचा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. मोठ्या अभंगाचा साचा सोपा आहे: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. ‘खिडकीची जागा, लाभली सकाळी, पावसाच्या ओळी, काचेवर’ हा चरणसमूह मी जुलैतल्या एका सकाळी भांडुप आणि विक्रोळीच्या दरम्यान मोजून बसवला. त्यात थोर काही नाही, पण तो हातात घेतला की कोणत्याही भजनी चालीत लगेच म्हणता येतो, आणि पुढचे कडवे किती लांबीचे असावे हा प्रश्नच उरत नाही. भुजंगप्रयात हा दुसरा चांगला साचा आहे. त्यात प्रत्येक ओळीत लघु-गुरु-गुरु, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ-दीर्घ, हा गट चारदा येतो आणि बारा अक्षरे होतात. मनाचे श्लोक लहानपणी घोकलेले असतील तर ते वृत्त कानात आधीच तयार असते. लहान अक्षरसंख्येत किती मावते हे पाहायचे असेल तर जात्यावरच्या ओव्यांकडे वळावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, आणि त्यांतली कुठलीही बाई स्फूर्तीसाठी थांबून राहिलेली नव्हती, तिला पीठ हवे होते.

चाल आधी, ही वाट मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रुळलेली आहे, पण ती तिथे जन्मली असे मानण्याचे कारण नाही. किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० साली रंगभूमीवर आले तेव्हापासून संगीत नाटकांतली कितीतरी पदे प्रचलित चालींवरच बांधली गेली. जुन्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून माहितीच्या पदाची सुरुवात दिलेली दिसते. नवख्याला या पद्धतीत सर्वांत मोठा दिलासा मिळतो तो लांबीचा, कारण ओळ किती मोठी, श्वास कुठे आणि जोर कुठे हे सगळे चालच ठरवून देते. शब्द सुचेपर्यंत ‘ला ला’ किंवा कुठलेही निरर्थक बोल भरायचे, ज्यांना या धंद्यातले लोक डमी म्हणतात.

पण मराठीत इथे एक खास अडचण येते, आणि शिकवताना ती फारशी कुणी सांगत नाही म्हणून थोडे थांबून सांगतो. आपण ‘घर’, ‘रात’, ‘शहर’, ‘लोकल’, ‘पाऊस’ हे शब्द बोलताना शेवटचा अकार जवळजवळ गिळतो. गुणगुणताना मात्र आपल्याला ओळीचा शेवटचा सूर लांबवायची सवय असते. त्या लांब सुरावर ‘पाऊस’ ठेवला की ‘स’ ताणावा लागतो आणि गाणारा ‘पाऊसाऽ’ असे काहीतरी म्हणू लागतो, जे ऐकणाऱ्याला खटकते पण का खटकते ते उमगत नाही. यावर उपायही मराठीनेच दिलेला आहे. विभक्तीचा प्रत्यय लावला की ‘घरी’, ‘राती’, ‘शहराला’, ‘पावसाने’ असे दीर्घ स्वरांत मिटणारे शब्द हाती येतात, आणि क्रियापद ओळीच्या शेवटी येण्याची आपली सवयही ‘गेली’, ‘आले’, ‘उरले’ यांच्या रूपाने मदतीला धावते. या क्रियापदांचा मोह आवरावा लागतो, ही गोष्ट वेगळी, नाहीतर सगळे गाणे ‘आले-गेले’ च्या यमकांवरच लोंबकळत राहते.

चालीचा दुसरा तोटा म्हणजे ती उडून जाते. शब्द तिकिटाच्या पाठीवरही लिहिता येतात, चालीला मोबाइलचा रेकॉर्डर लागतो. माझ्या रेकॉर्डिंगांपैकी निम्म्यांत ऐन मुखड्याच्या, म्हणजे गाण्यात फिरून येणाऱ्या सुरुवातीच्या ओळींच्या, मध्यावर ‘पुढील स्टेशन’ ही उद्घोषणा आहे आणि तीही तीन भाषांत. शिवाय गुणगुणलेली चाल आपली की कालच ऐकलेली, ही शंका शब्दांपेक्षा चालीच्या बाबतीत जास्त येते. दोन दिवसांनी एखाद्या कान तयार असलेल्या माणसाला ती ऐकवावी, हाच त्यावरचा साधा उपाय. सरावासाठी ओळखीच्या चित्रपटगीताच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवणे हा व्यायाम चांगला आहे, पण तो घरात ठेवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द आणि गाण्याचे संगीत या दोन स्वतंत्र कृती मानल्या जातात, त्यामुळे शब्द तुमचे असले तरी चाल तुमची होत नाही.

ठेका आधी, या तिसऱ्या वाटेविषयी थोडक्यातच सांगता येईल. तबला-ढोलकीचे ठेके किंवा तीन-चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) फिरवत ठेवणारी ॲप मोबाइलवर सहज मिळतात, आणि कागदासमोर गोठून बसणाऱ्या माणसाला हलवायला याहून चटकन काम करणारे काही मला माहीत नाही. पुष्कळशा कोळीगीतांत असते तशी सहा मात्रांची झुलती लय लावली की तोंडातून शब्द आपोआप त्या झोक्याने येऊ लागतात. तोटा हा, की फिरणारा लूप कधीच संपत नाही आणि म्हणून गाणेही संपत नाही. अंतऱ्यात, म्हणजे मुखड्यानंतरच्या कडव्यात, काही बदलायला हवे असे तो सांगतच नाही. माझ्याकडे अशा अर्धवट ध्वनिफितींचा मोठा साठा आहे, ज्यांत वीस मिनिटे तोच मुखडा आहे.

आता स्फूर्तीचे. मनात दाटून आलेल्या भावनेतून सुरुवात करावी की बाहेर ऐकलेल्या वाक्यातून, याबाबत माझे मत एकतर्फी आहे. भावनेतून सुरू केलेल्या नवख्या गाण्यात चंद्र, वाट, आठवण आणि आसवे हे चौघे हमखास येऊन बसतात. ऐकलेल्या वाक्यात मात्र बोलण्याची लय तयारच असते. लोकलमधल्या तिघांच्या बाकावर चौथ्या सीटसाठी रोज शेकडो माणसे एकच वाक्य म्हणतात: ‘जरा सरकून घ्या’. याच्या मात्रा मोजून पाहा. ‘जरा’ च्या तीन, ‘सरकून’ च्या पाच, अशा आठ मात्रा भरतात, म्हणजे आठ मात्रांच्या केरवा तालाचे एक आवर्तन बरोबर पुरे होते आणि ‘घ्या’ हा दीर्घ, जोरकस शब्द पुढच्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येऊन पडतो. चाल लावायला कुणी बसले नव्हते, तरी बोलण्यातच सम दडलेली होती. अशी वाक्ये वहीत टिपून ठेवावीत आणि कोणत्या दिवशी कोणते उपयोगी पडेल याचा विचार टिपताना करू नये.

हे वाक्य सापडल्यावर आधी काय, या वादाची धार माझ्यापुरती बोथट झाली. ज्याला कविता सहज येते त्याने शब्दांपासून सुरू करावे, ज्याच्या गळ्यात सूर आहे त्याने चालीपासून, आणि ज्याला दोन्ही अवघड वाटते त्याने ठेक्यापासून. पण तिघांनीही मुखड्याच्या दोन ओळींवर थांबून, राहिलेली बाजू तिथेच पूर्ण करावी. माझी चार कडवी गळाली ती शब्द आधी लिहिल्यामुळे नव्हे, चालीला मी दोन दिवस दाराबाहेर ताटकळत ठेवल्यामुळे. दोन ओळींनंतर ती आत आली असती तर तिसरे कडवे एकोणीस मात्रांपर्यंत गेलेच नसते. वीस मिनिटांच्या लूपचेही तेच. दुसऱ्या मिनिटाला एक खरी ओळ लिहून घेतली असती तर तिनेच पुढची ओळ मागितली असती.

दोघे मिळून गाणे करणार असाल, एक लिहिणारा आणि एक वाजवणारा, तर हीच अट अधिक कडक करावी, म्हणजे लिहिणाऱ्याने मुखड्यापलीकडे एकही ओळ एकट्याने लिहू नये आणि वाजवणाऱ्यानेही अंतऱ्याची चाल एकट्याने पक्की करू नये. आम्ही दोघे हल्ली रविवारी दुपारी बसतो. ‘जरा सरकून घ्या’ चा मुखडा तीन आठवड्यांपूर्वी झाला आहे, पहिल्या अंतऱ्याच्या दोन ओळी गेल्या रविवारी बसल्या, आणि तिसरी ओळ पुन्हा एकोणीस मात्रांची निघाल्यामुळे मित्राने ती पेटीवर वाजवायलाच नकार दिला आहे.