संस्कृत: आधी 'रामः रामौ रामाः' की आधी बोलणं?

दुसरी-तिसरीतल्या पोराला संस्कृतला घालायचं ठरलं की कोल्हापुरात दोन तऱ्हेचे वर्ग समोर येतात. एक शब्दरूपं पाठ करून घेणारा, दुसरा संभाषणाचा. मी दोन्ही भाचरांवर करून पाहिले आहेत.

पाठांतराला मी कमी लेखत नाही. सातव्या-आठव्या वर्षी जीभ वळते तशी पुढे वळत नाही. तिकडे लॅटिनची मुलंही 'आमो, आमास, आमात' असंच घोकत आली. शिवाय 'राम'च्या 24 रूपांत खरी वेगळी 17च, 'रामाभ्याम्' तर तीनदा येतं. हे पोरांना आपलं आपण सापडलं की काय खूष होतात!

पण माझी भाची सगळं धडाधड म्हणायची, म्हणून एकदा तिच्या हातात गुळाचा खडा दिला. म्हटलं, "रामाला दे, आणि संस्कृतात सांग." ती ओठांतल्या ओठांत 'रामः'पासून सुरू झाली, बोटं मोजत चतुर्थीपर्यंत आली. 'रामाय' तिच्याकडे होतं, पण फक्त चौथ्या ओळीत.

संभाषणात हाच खडा 'रामाय गुडं यच्छ' म्हणत हातोहात फिरतो. द्विवचन तर असंच शिकवावं, कारण मराठीत ते उरलेलंच नाही. आपल्या पोरांना तालीम ठाऊक असते. लाल मातीत दोन पैलवान: मल्लौ युध्येते. तिसरा उतरला: मल्लाः युध्यन्ते. एवढ्यावर समजतं.

उणीव अशी की वर्ग सुटला की वाक्यं विरतात, आणि मुलं मराठीचंच लिंग लावतात. संस्कृतात 'मित्रम्' नपुंसकलिंगी, हे कुणी टोकलं नाही तर चूक मुरते. अस्खलित बोलणारे शिक्षकही सहज मिळत नाहीत.

मूल नऊच्या आतलं असेल तर मी संभाषणाकडेच पाठवीन, आणि घरी महिन्याला एकच शब्द पाठ करून घेईन. 'चतुर्थी', 'पंचमी' ही नावं शाळेत मराठीचं 'स-ला-ते' झाल्यावर. राज्य मंडळाच्या बहुतेक शाळांत संस्कृत आठवीला येतं, तेव्हा गुणांसाठी आत्तापासून घोकंपट्टीची घाई नको. दहा-अकराच्या मुलाला मात्र तक्ता आवडतो, त्याला खुशाल पाठांतराला घाला.

पैसे भरण्याआधी एक तास मागे बसून बघा. पाठांतराच्या वर्गातही बाई मधेच थांबून "आता रामाकडून वही घे" म्हणत असतील, तर तो वर्ग सोडू नका.