लिंक्डइन की नोकरी डॉट कॉम?

पुण्यात आयटी किंवा अकाउंट्सची नोकरी हवी असेल, तर आधी नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल भरा, असं माझं स्पष्ट मत आहे. १९९७ पासूनची ही साइट म्हणजे रेझ्युमेंचं कोठार. एचआरवाले तिथे कौशल्य, शहर, पगार, नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर जुन्या नोकरीत किती दिवस थांबावं लागतं ते) असे फिल्टर लावून माणूस हुडकतात. म्हणून नोटीस पिरियडचा रकाना अर्धवट सोडू नका. लगेच रुजू होऊ शकणाऱ्याला आधी फोन जातो.

२००३ साली सुरू झालेल्या लिंक्डइनवर अर्जापेक्षा ओळख चालते. नुसतं ‘प्लीज रेफर मी’ लिहिलं की कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्यापेक्षा आपल्या कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी उघडा, हव्या त्या कंपनीतलं कुणी सापडलं की जागेचा जॉब आयडी (जाहिरातीतला क्रमांक) देऊन दोनच ओळी लिहा: ‘नमस्कार मॅडम, मीही आपल्याच कॉलेजची. या जागेबद्दल दोन प्रश्न विचारू का?’ उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं तेव्हा आतली खरी माहिती मिळते.

धंदेवाल्यांना मात्र लिंक्डइनच हवं. भोसरीच्या वर्कशॉपवाल्याला मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातला माणूस तिथे थेट गाठता येतो. नोकरी डॉट कॉमचा उपयोग त्याला भरतीपुरताच.